डावीकडची खिडकी

माझ्या व्हिसावर हुद्दा ‘मेकॅनिक’ असा होता. कसला मेकॅनिक ते कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मीही गावी कधी आपणहून सांगितलं नाही. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत सगळ्यांचा समज असा, की मी मस्कतला एसी दुरुस्त करतो. एका सुट्टीत शेजारच्या शांतारामकाकांनी बिघडलेला फ्रीज दोन माणसांकरवी उचलून आमच्या ओटीवर आणून ठेवला, तेव्हा मात्र खरं सांगावं लागलं. “काका, मी रायफली नीट करतो.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे ह्यो व्हयाचा नाय?” त्यानंतर काकू महिनाभर आमच्या अंगणातून जायच्या बंद झाल्या होत्या.

काकूंसारख्या मंडळींसाठी आधीच सांगतो. मी हाताळल्या त्या नेमबाजीच्या रायफली. त्यांनी माणसावर काय, कावळ्यावरसुद्धा कधी गोळी झाडलेली नाही. दूरवर उभ्या केलेल्या कागदाच्या मधोमध भोक पाडायचं, मग पुढचं भोक शक्य तितकं त्याच भोकातून पाडायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. आणि ती भोकं एकमेकांपासून का लांब पडताहेत ते शोधणं, हे माझं.

या कामात मी अपघातानेच आलो. रत्नागिरीला आयटीआय केलं, ठाण्याला टूलरूममध्ये बरीच वर्षं लेथ चालवला आणि ओमानला गेलो तो पाण्याचे पंप दुरुस्त करायला. सीबमध्ये आमचं वर्कशॉप होतं. तिथे एक दिवस एक निवृत्त लष्करी गृहस्थ खिशातून काडीएवढी मोडलेली पिन काढून उभे राहिले. मी दुपारभर बसून तशी पिन केली. ते एका खाजगी नेमबाजी क्लबचे मुदीर, म्हणजे मॅनेजर होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या अर्बाबाला, पंपवाल्या मालकाला, विचारलं की हा माणूस आम्हाला द्याल का. त्या काळी मालकाने एनओसी दिल्याशिवाय तिथे नोकरी बदलता येत नसे आणि ती सहजी कुणी देत नसे. माझ्या अर्बाबाने चहा संपायच्या आत सही केली. “जा, तिथे थंड आहे,” एवढंच म्हणाला. क्लबच्या वर्कशॉपला एसी होता. त्या सहीचे उपकार मी विसरलेलो नाही. हे २०१२ सालचं.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जुन्या घरांच्या दाराला आडवी लोखंडी कडी असायची. ती पुढे सरकवायची आणि मूठ खाली पाडायची, की दार पक्कं बंद. रायफलीतही अशीच एक कडी असते, तिला बोल्ट म्हणतात. मूठ वर उचलून बोल्ट मागे ओढला की एक खिडकी उघडते. त्या खिडकीतून काडतूस आत ठेवायचं, बोल्ट पुढे सारायचा, मूठ खाली. हा बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो ते घर आणि बोल्ट मिळून झाली ‘अ‍ॅक्शन’. नळी याच घराला आट्यांनी बसते, चाप याच घराला लटकतो, लाकडी दस्ता यालाच खालून धरतो. म्हणजे लग्नघरातल्या थोरल्या वहिनीसारखं त्याचं असतं. सगळे पाहुणे तिच्याच नात्याने जोडलेले, आणि ती जरा वाकडी झाली की सगळंच वाकडं.

कारखान्यात हजारांनी निघणाऱ्या अ‍ॅक्शन वाईट नसतात. पण बोल्टच्या टोकाला जे दोन कान असतात त्यांतला एकच टेकलेला, दुसरा केसभर अधांतरी, असं त्यांत सर्रास दिसतं. शिकाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. नेमबाजाला पडतो. म्हणून असली माणसं एकेक करून हाताने जुळवलेली अ‍ॅक्शन मागवतात. ती मागवताना शंभर प्रश्न येतात. पोलाद कुठलं, तळ गोल की सपाट, वजन किती, मूठ केवढी, खिडकी कुठल्या बाजूला. लोकांना वाटतं जेवढं घट्ट तेवढं उत्तम. आमच्याकडे एक हौशी गृहस्थ होते, त्यांनी माझं न ऐकता सगळ्यांत घट्ट बसणारा बोल्ट मागवला. ओमानची धूळ पिठीसाखरेसारखी बारीक. तिसऱ्या दिवशी बोल्ट जो आत बसला तो मी आणि एक बंगाली हेल्पर मिळून बाहेर काढला. दुसरे एकजण बोल्टला तेलाऐवजी ऊदाचं अत्तर लावून आणायचे. त्यांच्या रायफलीवर काम केलं की संध्याकाळी घरी बायको माझ्या शर्टाचा वास घ्यायची आणि काही न बोलता चहा आदळायची.

पण आज सांगायचं आहे ते खमीसबद्दल.

खमीस सीबचाच. बलुची घराण्यातला, त्यामुळे आमचं त्याचं हिंदीत चालायचं. सरकारी कचेरीत कारकून, वय पन्नाशीच्या पुढे, दाढी पांढरी, आणि माणूस असा शांत की रेंजवर तो आलाय हे त्याची चटई पसरलेली दिसली की कळायचं. क्लबच्या चौघांच्या टीममध्ये तो पंधरा वर्षं होता. २०१४च्या जानेवारीतल्या चाचणीत पहिल्यांदा तो पाचवा आला, म्हणजे राखीव. पुढच्या वर्षी चाचणीत वर आला नाही तर मुदीर त्याला शिकवायच्या कामाला लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लबच्या दृष्टीने तो मानच होता. खमीसच्या दृष्टीने नव्हता.

एका सकाळी तो आपली रायफल घेऊन माझ्याकडे आला. “उस्ताद, बोल्ट पकड़ता है. टाइम जाता है. हवा बदल जाता है.”

हे हवेचं प्रकरण असं. लांबच्या नेमाला वारा गोळीला ढकलतो. वारा एकसारखा वाहत असेल तर त्याचा हिशेब घेऊन नेम बाजूला धरता येतो, पण तो तसा मिनिट दोन मिनिटंच टिकतो. तेवढ्यात भराभर गोळ्या घालून घ्यायच्या. बोल्ट उघडा, काडतूस ठेवा, बंद करा, झाडा. यात ज्याचा वेळ जातो त्याच्यावर वारा उलटतो.

मी त्याचा बोल्ट तपासला. कानांना निळा रंग लावून दोन्ही सारखे टेकतात का ते पाहिलं, मायक्रोमीटरने मापलं, धूळ काढली. बोल्ट लोण्यासारखा सरकत होता. खमीसला तसं सांगितलं तर तो खाली बघून म्हणाला, “नहीं उस्ताद. पकड़ता है.” दोन आठवड्यांनी परत तेच. शेवटी मुदीरांनी ठरवलं, खमीससाठी नवी कस्टम अ‍ॅक्शन मागवायची. निवड उस्तादने करायची.

माझ्या छातीत कशी हवा भरली असेल बघा. पंपवाला मिस्त्री मी, आणि आता साऱ्या जगातून एक अ‍ॅक्शन निवडणार. पंधरा दिवस मी खमीसचं डोकं खाल्लं. मूठ गोल हवी की लांबट? वजन चालेल का थोडं जास्त? धूळ बसायला बोल्टवर खाचा ठेवू का? तो सगळ्याला “तुम देखो” म्हणायचा. एकाच गोष्टीवर ठाम होता. “जैसा पुराना है, वैसा. मूठ सीधे हाथ, खिड़की सीधे हाथ.” म्हणजे दोन्ही उजवीकडे. वीस वर्षांची सवय, ती कशाला मोडायची.

अमेरिकेतल्या दोन भावांचं छोटं वर्कशॉप होतं, वर्षाला मोजक्याच अ‍ॅक्शन करायचे. त्यांची यादी म्हणजे हाताने काढलेल्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स. शब्द जवळपास नाहीत, चित्र बघा आणि नंबर लिहून पाठवा. क्लबची खरेदी आमचे कांबळे साहेब बघायचे. मूळ नागपूरचे, इंजिनिअर, राहायला अल् घुब्राला. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरची खीर आमच्याकडे आणि गणपतीतले आमचे मोदक त्यांच्याकडे, असा घरोबा. फॉर्म त्यांनी टाइप केला, सही त्यांची, पोलिसांच्या परवानगीचा अर्जही त्यांच्याच नावाचा.

“खिडकी उजवीकडची ना जी? नक्की?” त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मला या चित्रात काहीतरी वेगळं वाटते.”

“साहेब,” मी म्हणालो, “टेंडर तुमचं, ड्रॉइंग माझं. ड्रॉइंग मला नका शिकवू.”

ते हसले आणि त्यांनी सही केली. ते वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

सात महिने लागले. सप्टेंबरात लाकडी खोका आला. मी हात धुतले, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, खोका उघडला. वस्तू अशी देखणी, की मी क्षणभर नुसता बघत राहिलो. मूठ उजवीकडे. मग मी ती हातात घेऊन फिरवली. खिडकी डावीकडे होती.

त्या भावांनी चूक केली असेल म्हणून मी कपाटातून झेरॉक्स काढली. नंबर मी लिहिलेलाच होता. मग नजर कागदाच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक छोटा शंकू आणि दोन वर्तुळं काढलेली होती. आयटीआयमध्ये जुवाटकर सरांनी हे चिन्ह आमच्याकडून शंभरदा गिरवून घेतलं होतं. आपल्याकडे ड्रॉइंग काढताना वस्तूच्या उजव्या बाजूने जे दिसतं ते मधल्या चित्राच्या डावीकडे काढतात. अमेरिकेत उजवीकडचं उजवीकडेच काढतात. कोणती पद्धत वापरली आहे ते सांगायला तो शंकू असतो. तो आधी बघायचा, मग ड्रॉइंग वाचायचं. पंपांच्या वर्कशॉपमध्ये मी कायम जुना नमुना समोर ठेवून नवा भाग करत आलो, ड्रॉइंगची सवयच मोडली होती. आणि हा अमेरिकेचा कागद मी रत्नागिरीच्या डोळ्यांनी वाचला. उजवी खिडकी म्हणून डावीकडचं चित्र निवडलं.

परत पाठवायची सोय नव्हती. बाहेर काढायला वेगळी परवानगी, पुन्हा आणायला वेगळी, वर त्या भावांचे सात महिने. चाचणी जानेवारीत. खमीसचं शेवटचं वर्ष मी एका शंकूपायी घालवलं होतं.

घरी जेवलो नाही. बायकोने विचारलं, मी सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. “कांबळे भावजींची सही आहे ना त्याच्यावर?”

“हो.”

“मग उद्या सकाळी आधी त्यांच्याकडे जा. आणि मुदीरांना तुम्हीच सांगा. सामान बांधायची वेळ आली तर बांधू.” आणि परत लाटायला लागली.

कांबळे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं होतं ते ड्रॉइंगचं वाक्य त्यांना आठवत असणारच, पण त्यांनी ते काढलं नाही. पेन टेबलावर आपटत म्हणाले, “त्या भावांनी चुकीचं पाठवलं असं लिहिता येते.” मग स्वतःच मान हलवली. “नाही जी. ते बिचारे तिकडे बसून काय म्हणतील. असं करू, टायपिंगमध्ये माझ्याकडून नंबर चुकला म्हणतो. मला काय, एक मेमो मिळेल. तुमची तर नोकरी नवीन आहे.”

दोन मुलींचा बाप असलेला माणूस माझ्यासाठी आपल्या फाइलला डाग लावून घ्यायला तयार झाला होता. “नको साहेब,” एवढंच म्हणालो, आणि आम्ही दोघे मिळून मुदीरांच्या खोलीत गेलो.

मुदीर खुर्चीत ताठ बसले होते. खमीसलाही त्यांनी बोलावून घेतलेलं, नवी वस्तू दाखवायला. आता ते त्याच्यासमोरच सांगायचं होतं. मी उभ्यानेच सुरुवात केली, ड्रॉइंग, शंकू, उजवं डावं, सगळं मोडक्या हिंदीत. अर्ध्यावर आलो तेव्हा मुदीरांनी हात वर करून मला थांबवलं. अ‍ॅक्शन उचलली, बोल्ट मागेपुढे केला, खिडकीत बोट घातलं आणि खमीसला अरबीत काहीतरी विचारलं. मला त्यातलं ‘यसार’ तेवढं कळलं. यसार म्हणजे डावी बाजू. डावीकडची खिडकी तू मागितली होतीस का, असं ते विचारत असणार.

खमीसने माझ्याकडे पाहिलं. मग मुदीरांकडे. आणि त्याच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, “ऐवा.” हो.

मुदीरांनी खांदे उडवले. मग उस्ताद काय गोंधळ घालतोय, अशा अर्थाचं काही बोलले, आणि “यल्ला, चला, नळी बसवा” म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात मी खमीसचा रस्ता अडवला. “खमीस भाई, आपने झूठ क्यों बोला?”

“झूठ नहीं. पहले नहीं माँगा था.” तो डिशडाशाच्या, आपल्या लांब पांढऱ्या झग्याच्या, खिशात किल्ल्या शोधत होता. “अभी माँगा. खलास.”

परदेशात माणसाला भाकरी मिळते, पैसे मिळतात, ते काही कुणाचे उपकार नसतात, आपण राबतो. पण आपल्या चुकीपुढे कुणी असं आडवं उभं राहणं, तेही ज्याचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे त्याने, हे मी ठाण्यात पाहिलं नव्हतं, गावात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी वर्कशॉपचं दार आतून लावून घेऊन रडलो. मला त्यात लाज वाटत नाही.

मग कामाला लागलो. नळी बसवायला मला तीन आठवडे लागले, खरं तर एक पुरतो. बोल्टचे दोन्ही कान मी निळा रंग लावून पुन्हा पुन्हा टेकवून पाहिले. त्या भावांचं काम निर्दोष होतं, माझ्या समाधानासाठी पाहत होतो. रायफल तयार झाली ती अशी, की तिच्याकडे बोट दाखवून मी आजही म्हणेन, ही मी केली.

आता खमीसला शिकायचं होतं. या प्रकारात रायफल पुढे स्टँडवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर ठेवलेली असते, नेमबाज पोटावर झोपतो. जुन्या रायफलीत सगळं उजव्या हाताने. बोल्ट उघड, त्याच हाताने काडतूस उचल, खिडकीत ठेव, बोल्ट बंद कर. नवीत खिडकी पलीकडच्या अंगाला. तिथे उजव्या हाताने जायचं तर रायफलीला मिठी मारावी लागणार. म्हणजे काडतूस डाव्या हातानेच द्यायचं.

पहिल्या दिवशी तो काडतूस डाव्या चिमटीत धरून तसाच पडून राहिला.

“क्या हुआ?”

“उस्ताद, इसको उल्टे हाथ से खिलाऊँ?” तो गंभीरपणे म्हणाला. “मेरी माँ देखेगी तो मारेगी.”

“मेरी भी,” मी म्हणालो.

आणि हे शब्दशः खरं. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून आईने माझ्या बोटांवर उलथनं मारलेलं आठवतं. खमीसच्या घरीही तसंच, देणं घेणं खाणं उजव्याच हाताने. दोन देशांतल्या दोन आयांनी आम्हाला एकच गोष्ट इतकी पक्की शिकवली होती, की दोन पिकल्या केसांचे बाप्ये भर सकाळी एका पोलादी खिडकीपुढे अडून बसले होते. खमीस हसायला लागला. तो हसला की आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. मीही हसलो. मग तो काडतुसाला हळूच “बिस्मिल्ला” म्हणाला आणि डाव्या हाताने ते आत ठेवलं.

महिनाभर नुसते हाल. काडतूस उलटं ठेवायचा, पाडायचा, बोल्ट आधी सारायचा आणि हात नंतर यायचा. मी सागवानाच्या तुकड्यात ओळीने भोकं पाडून काडतुसांसाठी एक तिरका ठोकळा केला, डाव्या कोपराजवळ ठेवायला. त्याची उंची चार वेळा बदलली. ऑफिस सुटलं की खमीस रोज यायचा आणि गोळी न भरता नुसता सराव करायचा. उघड, ठेव, बंद. उघड, ठेव, बंद. मी लेथवर काम करताना कान तिकडे असायचे. नोव्हेंबरात कधीतरी मला जाणवलं, की त्या आवाजाला ताल आला आहे.

कारण साधं होतं, आणि ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आता उजवा हात बोल्टची मूठ सोडतच नव्हता. तो उघडायचा आणि तिथेच थांबायचा, डावा हात काडतूस ठेवून जायचा, उजवा लगेच बंद करायचा. दोन हातांत काम वाटलं गेलं होतं. पुढे वाचताना कळलं की जगातले कितीतरी चांगले नेमबाज मुद्दाम अशीच मांडणी मागून घेतात, मूठ एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे. आम्ही तिथे शहाणपणाने नाही, चुकून पोचलो होतो.

जानेवारीची चाचणी सकाळी होती. जागा चार, नेमबाज सात. मी सहसा रेंजवर जात नाही, माझं काम आत. त्या दिवशी कांबळे साहेब कामाच्या नावाखाली आले आणि मला ओढून घेऊन गेले. “चला जी, आपली खिडकी बघू.” आपली म्हणाले.

पहिल्या फेऱ्यांत खमीस पाचवा होता. वारा कळावा म्हणून रेंजवर मध्ये लावलेल्या झेंड्या कधी इकडे, कधी तिकडे. शेवटच्या फेरीत त्या एकाएकी एका बाजूला ताठ झाल्या आणि तशाच राहिल्या. बाकीचे दुर्बिणीतून वारा जोखत होते. खमीस सुरू झाला. उघड, ठेव, बंद, धाड. उघड, ठेव, बंद, धाड. कांबळे साहेबांनी माझा दंड धरला होता आणि प्रत्येक गोळीला तो आवळत होते. नवव्या गोळीपर्यंत झेंड्या हलल्या नाहीत. दहाव्या, शेवटच्या गोळीला हलल्या, आणि ती बाहेर गेली. पण तेव्हा नऊ आत बसल्या होत्या.

एका गुणाने तो चौथा आला. मुदीरांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या वर्षी आणखी दोघांसाठी अशीच डावी खिडकी मागवायला कांबळे साहेबांना सांगितलं. कांबळे साहेब माझ्याकडे वळून हसत म्हणाले, “ड्रॉइंग तुम्हीच वाचा.” त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर मला ते फार लागलं.

मग शामियान्यात खजूर आणि कहवा आला. ओमानी कहवा लहानशा, बिनकानाच्या कपात देतात, चिमटीत धरावा लागतो. खमीस माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता. त्याने रिवाजाप्रमाणे उजवा हात पुढे केला. कप बोटांत आला आणि निसटून त्याच्या पांढऱ्या डिशडाशावर पडला. त्याने पटकन बाही खाली ओढली. पण मी पाहिलं. मधली दोन बोटं मिटतच नव्हती. काठीसारखी सरळ उभी होती.

“कब से?” मी विचारलं.

तो डाग पुसत राहिला. “पिछले साल से पहले. भाई की बोट में, रस्सी में आ गया.” मग जरा वेळाने, “छोटा चीज़ पकड़ में नहीं आता. मूठ चलता है. कारतूस नहीं.”

म्हणजे बोल्ट कधीच अडत नव्हता. जुन्या रायफलीत, नेमाच्या ऐन वेळी, काडतूस त्या बोटांतून निसटत होतं. पंधरा वर्षं टीममध्ये असलेला माणूस ते कुणापाशी बोलू शकत नव्हता, म्हणून बोल्टवर घालत होता. आणि मी मायक्रोमीटर घेऊन पोलाद मोजत बसलो होतो.

“खमीस भाई, पहले दिन क्यों नहीं बताया? मैं खुद ही ऐसा मँगाता.”

“तुम पूछा नहीं, उस्ताद,” तो म्हणाला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. “तुम बंदूक का सब पूछा.”

मी माझा कप खाली ठेवला, त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला.